तालुक्याच्या ग्रंथोत्सवातले परिसंवाद : लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मांडव पडायच्या महिनाभर आधीपासून समितीतल्या प्रत्येकाचा फोन वाजून राह्यला असतो आणि निम्मे फोन तेच तेच विचारणारे असतात, म्हणून या खेपेला सगळं एकदाच टाईप करून ठेवतोय. ऐकायला येणारे, बोलायला येणारे, नुकतंच पहिलं पुस्तक काढलेले, आणि आपल्याही गावात असं काही करावं म्हणणारे, सगळ्यांसाठीच आहे हे. आपापला प्रश्न शोधा, तेवढंच वाचा, बाकी सोडून दिलं तरी चालते.

परिसंवाद म्हणजे भाषणंच ना शेवटी?

नाही, आणि हेच सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागते. चार जणांनी घरून चार कागद लिहून आणायचे, ओळीने वाचायचे, प्रत्येकाने "वेळेअभावी थोडक्यात सांगतो" म्हणून दहा मिनिटं जास्तीची घ्यायची, आणि मग अध्यक्षांनी चौघांचं थोडं थोडं परत सांगायचं, असे परिसंवाद आपण सगळ्यांनीच लय पाहिलेत. आमच्याकडे कागद वाचायला मनाई आहे. टिपणाची चिठ्ठी हातात ठेवा, पण बोलायचं समोरच्याशी. तीन लेखक (चार म्हणजे फारच झाले), एक विषय, आणि त्यांना बोलतं करणारा एक संवादक. एकानं काही म्हटलं की दुसऱ्यानं "नाही बावा, मला असं वाटत नाही" म्हणायला मोकळीक पाहिजे. सव्वा तासाचं सत्र असते, त्यातला पाऊण तास स्टेजवरच्यांचा आणि अर्धा तास मांडवातल्यांचा. हा अर्धा तास आम्ही कापत नाही, वक्ते लांबले तर वक्त्यांचा वेळ कापतो.

हाच तो सरकारी ग्रंथोत्सव का?

तो वेगळा. जिल्ह्याच्या ठिकाणी होतो तो ग्रंथालय संचालनालयाचा, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालय भरवतं, ग्रंथदिंडी, कविसंमेलन, पुस्तकांचे स्टॉल असं सगळं त्यात असते. तोही चांगला असतो, जरूर जा. आमचा हा विदर्भातल्या एका तालुक्याचा. गावातलं सार्वजनिक वाचनालय, कॉलेजातले मराठीचे दोन सर, एक मेडिकलवाला, एक कृषी केंद्रवाला, काही शिक्षिका आणि चार-पाच वाचणारे कास्तकार मिळून करतात. वाचनालयाला १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आहे, अनुदान येते, पण ते पुस्तकं, पेपर आणि ग्रंथपालाच्या तुटपुंज्या पगारातच जिरते. मांडव वर्गणीवर उभा राहतो.

तिकीट, पास, नोंदणी?

काहीच नाही. या, बसा.

जानेवारीतच काऊन? आणि वेळा अशा विचित्र काऊन?

दिवाळीनंतर सोयाबीन निघालं असते पण कापसाचे वेचे सुरू असतात, डिसेंबर-जानेवारीत तूर कापणीला येते, फेब्रुवारीत हरभरा आणि बोर्डाच्या परीक्षा, मार्चपासून ऊन असं तापते की दुपारी मांडवात माणूस भाजून निघते. उरला काय तर जानेवारीचा एखादा तुकडा. पुण्याला फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो म्हणून आपणही डिसेंबरात घ्यावा, असं दरवर्षी कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणतेच, त्याला आम्ही प्रेमानं खाली बसवतो. डिसेंबरात अर्धा गाव वावरात असतो.

वेळेचं म्हणाल तर लेखक आणि शिक्षक लोकांना सकाळी अकरा सोयीचे पडतात, पण सकाळी अकराला मांडवात फक्त लेखक आणि शिक्षकच असतात. वेचणीला जाणाऱ्या बाया सकाळी वावरात जातात त्या ऊन कलल्यावर परत येतात, आल्यावर चूल. त्यांना यायचं असेल तर दोनच जागा सापडल्या. एक, बाजाराच्या दिवशीची दुपार, कारण त्या दिवशी वेचणीला सुट्टी असते, हप्त्याचा चुकारा (मजुरी) हातात आला असतो आणि त्या तशाही तालुक्याला आल्या असतात. दोन, रात्री साडेसातनंतर. म्हणून महत्त्वाचा परिसंवाद आम्ही या दोन वेळांतच ठेवतो, आणि सकाळी अकराला कॉलेजच्या पोरांसाठीचे कार्यक्रम लावतो. रात्रीचं सत्र दहाच्या आत आटपावंच लागते, दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही हा नियमच आहे, आणि खरं सांगू तर त्या नियमानं आमच्यावर उपकारच केले, वक्ते आपोआप आवरतात.

पण खेड्यातले लोक एवढा वेळ बसतात का? त्यांना कविसंमेलनच आवडते.

हा प्रश्न शहरातून येणारे लेखकच जास्त विचारतात. साहेब, पलीकडे पूर्व विदर्भात वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे जाऊन पहा, झाडीपट्टीतलं नाटक रात्री सुरू होते ते उजाडेपर्यंत चालते, लोक तिकीट काढून थंडीत घोंगडं घेऊन बसतात. सप्त्यात कीर्तनाला बसतात, खंजिरी भजनाला बसतात. बसायची सवय आहे लोकांना, कंटाळवाणं ऐकायची नाही. मांडव उठून गेला तर चूक स्टेजवर शोधायची.

कविसंमेलनाला गर्दी होते हे खरंच. टाळ्या असतात, हशा असतो, वाहवा असते, एकदम मजा. आम्हीही घेतो शेवटच्या रात्री. पण कविसंमेलनात लोक ऐकतात आणि घरी जातात, परिसंवादात त्यांना बोलता येते, वक्त्याला अडवता येते. ज्या गावात मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा समजतात तिथं एखादी पोट्टी उभी राहून नावाजलेल्या लेखकाला "तुम्ही हे असं काऊन लिहिलं" विचारते, मला तरी या सगळ्या उपद्व्यापाचं कारण तेवढंच वाटते.

विषय कोण ठरवते? 'साहित्य आणि समाज' असा एखादा ठेवा ना.

तो विषय आम्ही कायमचा बंद केला. 'साहित्य आणि समाज', 'बदलते ग्रामीण वास्तव : एक चिंतन', 'वाचनसंस्कृतीपुढील आव्हाने', हे विषय असे आहेत की कोणीही काहीही बोलू शकते आणि बोलतेच. वाचनसंस्कृतीवाल्या परिसंवादात तर दरवर्षी मोबाईलला शिव्या पडतात आणि ऐकणारे खिशातला मोबाईल चाचपून पाहतात, निष्पन्न शून्य.

विषय असा पाहिजे की ज्याच्यावर तीन माणसांचं एकमत होणार नाही, आणि मांडवातल्या माणसाकडे त्याबद्दल स्वतःचं काही सांगायला आहे. आत्महत्येवर इतक्या कथा-कविता आल्या, त्या घरातल्या बाईचं पुढं काय झालं हे किती जणांनी लिहिलं? कापसाच्या कवितेत वेचणारी बाई कुठं आहे? गावातल्या खऱ्या माणसावर कादंबरी लिहिली तर त्याला विचारायचं की नाही? शहरात स्थायिक झालेल्या लेखकानं तीस वर्षांपूर्वीचंच गाव अजून किती दिवस लिहायचं? (या शेवटच्यावर तर बाहेरून आलेले पाहुणे थोडे तापलेच.) विषय प्रश्नाच्या रूपात लिहिला की काम निम्मं होते, बॅनरवरच उत्सुकता लागते.

ठरवायची पद्धत अशी की वाचनालयात दसऱ्यापासून एक वही ठेवलेली असते, ज्याला वाटेल त्यानं विषय लिहायचा. निम्मे तर निवडणुकीच्या भाषणासारखे असतात. पण अधूनमधून एखादा असा निघतो की प्राध्यापकालाही सुचला नसता, आणि तो बहुतेक वेळा वाचनालयात फक्त पेपर वाचायला येणाऱ्या माणसानं लिहिलेला असतो.

संवादक म्हणजे सूत्रसंचालक का? आमच्या शाळेतल्या सरांचं सूत्रसंचालन फार छान आहे.

सरांचा आवाज छान आहे, चारोळ्या पाठ आहेत, मान्य. पण हे काम दुसरं आहे. संवादकाला तिन्ही लेखकांची पुस्तकं वाचलेली पाहिजेत, निदान ज्यावर बोलणं होणार आहे ती तरी, आणि मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचला म्हणजे पुस्तक वाचलं असं होत नाही. त्यानं आठ दिवस आधी तिघांनाही फोन करून विचारायचं की या विषयावर तुमचं म्हणणं काय, आणि त्यातून कुठं ठिणगी पडते ते हेरून ठेवायचं. नेमके प्रश्न मात्र आधी सांगायचे नाहीत, सांगितले की पाठ केलेली उत्तरं येतात.

स्टेजवर त्याचं काम कमी बोलणं. परिचय दोन ओळींचा, पुरस्कारांची यादी नको, ती पत्रिकेत छापलेली असते. एकच जण माईक धरून बसला तर त्याला अडवायचं, आणि हे अडवणं फार कठीण असते कारण वक्ता वयानं मोठा असतो, कधी आपलाच गुरु असतो. आमच्याकडे कॉलेजच्या एक मॅडम आहेत, त्या पुढं झुकून, हसून, "सर हे राहू द्या, मला ताईंना विचारायचंय" म्हणतात आणि सर खरंच थांबतात. ती कला शिकवून येत नाही. असा माणूस गावात असला तर त्याला जपून ठेवा, लेखक काय दर जिल्ह्यात सापडतात.

माझा कवितासंग्रह आला आहे, मला परिसंवादात घ्या.

अभिनंदन. पण संग्रह आला एवढ्यावर परिसंवादात जागा मिळत नाही, विषयावर तुमच्याकडे काही म्हणणं पाहिजे. आमच्या भागात बरीच पुस्तकं स्वखर्चानं निघतात, त्यात कमीपणा काही नाही, पण कोणी तरी "छापा, मग स्टेज मिळते" असं सांगून तुमच्याकडून पैसे घेतले असतील तर ते आमच्या भरवशावर सांगितलेलं नाही. नव्या लेखकांसाठी 'पहिलं पुस्तक' असं वेगळं सत्र असते, त्यात दहा मिनिटं वाचन आणि वीस मिनिटं प्रश्न. पुस्तकाच्या दोन प्रती वाचनालयात द्या, समितीतले तीन जण वाचतात. तिघांनाही वाचता आलं नाही तर आम्ही ते तोंडावर सांगतो, त्याचा राग येतो लोकांना, येऊ द्या.

विदर्भातलेच लेखक काऊन बोलावता? किंवा : सगळे पुण्या-मुंबईचेच काऊन?

दोन्ही तक्रारी एकाच वर्षी आल्या आहेत, म्हणजे प्रमाण बरोबर असावं. साधारण तिघांत दोघं इकडचे, एक बाहेरचा. १९२३ मध्ये अमरावतीत विदर्भ साहित्य संघ निघाला तेव्हापासून इकडं लिहिणाऱ्यांची परंपरा आहे, चक्रधरांच्या आठवणी ज्या लीळाचरित्रात लिहिल्या गेल्या ते रिद्धपूर इथून काही दूर नाही, तेव्हा कमीपणा घेऊन "आमच्या मागासलेल्या भागात आपण आलात" वगैरे आभारात म्हणायचं नाही, ही सूचना आभार मानणाऱ्याला लेखी दिलेली असते. तरी बाहेरचा एक पाहिजेच. सगळे ओळखीचे असले की सगळे एकमेकांचं कौतुक करत बसतात.

मानधन किती?

आकडा इथं नाही लिहीत. तत्त्व एवढंच की तिन्ही वक्त्यांना सारखं, नाव मोठं-लहान पाहून नाही, आणि संवादकालाही तेवढंच कारण त्याची मेहनत जास्त. प्रवासखर्च वेगळा. शाल-श्रीफळ बंद करून त्या पैशात मानधन वाढवलं, गावातल्या जुन्या मंडळींना ते अजून रुचलं नाही. लेखकाच्या घरी शालींचा गठ्ठा पडला असतो हो, त्याला गाडीभाडं निघालं तर जास्त आनंद होते. मुक्काम कोणाच्या तरी घरीच असतो, लॉज आहे पण तिथं लेखक उतरवण्यासारखी स्थिती नाही.

वऱ्हाडीत बोललं तर चालते का? प्रमाण मराठीच पाहिजे का?

चालते काय, बोलाच. उद्धव शेळकेंच्या 'धग'मधली माणसं १९६० मध्ये वऱ्हाडीत बोलली आणि ती कादंबरी आज मराठीतल्या मोजक्या कादंबऱ्यांत धरतात, मग आपण स्टेजवर गेलो की एकदम आकाशवाणीवाणी बोलायची काय गरज. पूर्वेकडून पाहुणे आले की झाडीबोली येते, तीही ऐकायला गोड. फक्त एक, वऱ्हाडी म्हणजे हसवायचीच भाषा असा जो समज झाला आहे तो आमच्या मांडवात नको. वऱ्हाडीत कोणी गंभीर बोलून राह्यला आणि मागून उगाच हशा आला की संवादकानं लगेच पुढचा प्रश्न विचारून बोलणं जागेवर आणायचं.

कोलाम, गोंड, कोरकू लेखक असतात का?

असतात, पण जेवढे पाहिजे तेवढे नाही. यवतमाळकडे कोलामी, मेळघाटात कोरकू, गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंडी आणि भामरागडच्या बाजूला माडिया बोलतात, आणि या भाषांत बोलणारा माणूस स्टेजवर आला की दोन गोष्टी करायच्या. एक, त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यायचं आणि शेजारी मराठीत सांगणारा बसवायचा, त्यासाठी सत्राचा वेळ अर्ध्या तासानं वाढवायचा. दोन, त्याला दरवेळी 'आदिवासी साहित्य' याच सत्रात कोंबायचं नाही. जंगलावर, शाळेवर, अनुवादावर, प्रेमकथेवर कशावरही तो बोलू शकते. ही गोष्ट आमच्या समितीत भांडून ठरली, आणि भांडण अजून पुरतं मिटलं असं नाही.

आमदार साहेब, सभापती येणार असतील तर परिसंवादाला उशीर होणारच ना?

म्हणूनच उद्घाटन आदल्या संध्याकाळी उरकून घेतो. ग्रंथदिंडी, पालखीत ग्रामगीता आणि संविधान, पोरींचं लेझीम, मग दीपप्रज्वलन, हारतुरे, सगळ्यांची भाषणं, साहेब नऊला आले तर नऊला, कोणाचं काही अडत नाही. परिसंवादाच्या स्टेजवर फक्त बोलणारे बसतात. साहेबांना परिसंवाद ऐकायचा असला तर पुढच्या रांगेत खुर्ची आहे, मध्येच आले तरी सत्र थांबवून सत्कार होत नाही. यावरून एकदोनदा रुसवेफुगवे झाले, वर्गणीवरही थोडा परिणाम झाला, पण एकदा थांबवलं की दरवेळी थांबवावं लागते.

मला प्रश्न विचारायचा आहे पण भीती वाटते.

सगळ्यांनाच वाटते. दोन रस्ते आहेत. प्रवेशाजवळ कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन ठेवलेले असतात, लिहून द्या, नाव टाकलं नाही तरी चालते, संवादक वाचून विचारते. दुसरा, हात वर करा, पोरगा माईक घेऊन तुमच्याजवळ येईल, उठून पुढं यायची गरज नाही. पहिला माईक आम्ही मुद्दाम बायांच्या बाजूला देतो, कारण पहिला प्रश्न पुरुषानं विचारला की पुढचे सगळे पुरुषच विचारत जातात, हे बरीच वर्षं पाहून झालं आहे.

प्रश्न लहान ठेवा. "सर्वप्रथम मी आयोजकांचे आभार मानतो" नको, स्वतःची कविता नको, आणि "माझा प्रश्न नाही पण दोन शब्द मांडतो" हे तर बिलकुल नको, माईक धरणाऱ्या पोराला सांगून ठेवलं आहे की माईक हातात द्यायचा नाही, आपणच धरायचा. वाईट वाटून घेऊ नका. स्वतःचा अनुभव सांगायचा असेल तर सांगा, तो प्रश्नापेक्षा भारी असू शकते, पण मिनिटभरात. एका परिसंवादात लेखकानं कथेतलं पऱ्हाटीचं (कापसाचं) झुडूप ज्या महिन्यात फुलवलं होतं त्या महिन्यात ते फुलत नाही, असं एका म्हाताऱ्या कास्तकारानं उभं राहून सांगितलं. लेखकानं तिथंच वहीत टिपून घेतलं. असे प्रश्न पाहिजेत.

पुस्तक वाचलं नसेल तरी विचारता येते. फक्त वाचलं असल्याचा आव आणू नका, लेखकाला लगेच कळते.

काय विचारू नये?

तुमची कमाई किती, लग्न झालं का, अमुक पात्र म्हणजे तुमची बायकोच ना, आणि "तरुण पिढीला काय संदेश द्याल". बाकी सगळं चालते.

वादग्रस्त लेखकाला बोलावता का? राडा झाला तर?

२०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि त्यावरून किती लेखकांनी यायला नकार दिला हे इकडच्या लोकांना चांगलं आठवते. मग उद्घाटन जिल्ह्यातल्याच एका शेतकरी विधवेच्या हातून झालं आणि अरुणा ढेरे अध्यक्षपदावरून बोलल्या. त्यावर गावोगावच्या पानटपरीवर जेवढी चर्चा झाली तेवढी संमेलनातल्या परिसंवादांवर झाली नसेल. आमचा धडा साधा, बोलवायच्या आधी हवा तेवढा विचार करा, पण पत्र गेलं की माघार नाही.

आणि २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वं संमेलन भरलं, त्याच दिवसांत त्याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. आमच्या गावातले लोक दोन्ही मांडवांत जाऊन आले आणि कोणाचं काही बिघडलं नाही. पटत नसेल त्यानं प्रश्न विचारावा, चिठ्ठी द्यावी, उठून जावं. पोलीस स्टेशनला कार्यक्रमाचं पत्र आधीच दिलेलं असते, परवानगी घेतलेली असते. स्टेजवर जाऊन माईक ओढायचा प्रयत्न केला तर मात्र माईकवाला आमचा मित्र आहे, तो बटण बंद करते.

शाळेतली पोरं घेऊन येऊ का? दोनशे तरी आणतो.

गुरुजी, खुर्च्या भरायला नको. सहावीतलं पोरगं 'कादंबरीतला निवेदक' यावर सव्वा तास ऐकते आणि आयुष्यभरासाठी साहित्याला घाबरते. लहान पोरांसाठी सकाळी गोष्टींचं सत्र आहे, त्याला आणा. परिसंवादाला आठवी-नववीच्या पुढची, आणि तीही ज्यांना यायचं आहे तीच, आधी एखादी कथा वर्गात वाचून आलेली असली तर फारच छान.

पुस्तकं मिळतात का? सूट किती?

मांडवाला लागूनच टेबल असते, बोलणाऱ्या लेखकांची पुस्तकं तिथं मिळालीच पाहिजेत हा आमचा आग्रह, कारण ऐकल्यावर जी घ्यावीशी वाटतात ती दुसऱ्या दिवशी वाटत नाहीत. प्रकाशकाकडून माल 'विकलं तर पैसे, उरलं तर परत' या बोलीवर येते. सूट प्रकाशकावर अवलंबून असते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तेव्हा कोणी वरून टॅक्स लावून मागितला तर देऊ नका. ज्यांना पुस्तक परवडत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक पुस्तकाची एक प्रत वाचनालयात ठेवतो, नंबर लावा. सही पाहिजे तर सत्रानंतर टेबलाजवळ, जेवणाच्या पंगतीत लेखकाच्या ताटासमोर वही धरू नका.

माईक, लाईट वगैरेचं कसं करता? आमच्याकडे तर नेहमी बोंब असते.

साउंडवाला लग्नाचा आणि ऑर्केस्ट्राचा असते, त्याच्या मशीनवर इको लावलेला असते, पहिलं काम म्हणजे "इको बंद कर भाऊ" म्हणायचं. नाहीतर समीक्षक बोलते तेही मंगलाष्टकासारखं ऐकू येते. प्रत्येक वक्त्याला वेगळा माईक पाहिजे, एकच माईक इकडून तिकडे फिरला तर संवाद होत नाही, भाषणंच होतात, हे लिहून ठेवा, यावर खर्च करा आणि फ्लेक्सवर कमी करा. माईक तोंडापासून चार बोटं. स्पीकरचे डबे वक्त्यांच्या पुढं ठेवायचे, मागं ठेवले की शिटी वाजते. लाईट जातेच, जनरेटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात जो वक्ता माईकशिवाय मोठ्यानं बोलत राहते तो लोकांच्या लक्षात राहते.

लेखक ऐनवेळी आला नाही तर?

दोघांवर सत्र होते, आणि कधी कधी तिघांपेक्षा बरं होते. रिकाम्या जागी समितीतला कोणी हौशी माणूस बसवायचा नाही.

रेकॉर्डिंग यूट्यूबवर येते का?

ज्या वक्त्यांनी हो म्हटलं त्यांचं येते. प्रेक्षकांचे चेहरे आणि त्यांनी सांगितलेले घरगुती अनुभव कापून टाकतो. मांडवात विश्वासानं बोललेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली तर पुढच्या वर्षी कोणी तोंड उघडणार नाही. तुम्हीही मोबाईलवर शूट करून तुकडे टाकू नका, विशेषतः अर्धं वाक्य.

आमच्या गावात सुरू करायचं आहे, कमीत कमी काय लागते?

एक झाड किंवा समाजमंदिर, सतरंज्या, तीन माईक, दोन लेखक, पुस्तकं वाचलेला एक संवादक. तीन दिवसांचा उत्सव पहिल्याच वर्षी काढू नका, एका संध्याकाळचा एक परिसंवाद करा. आधी दोन महिने त्या लेखकांच्या पुस्तकांच्या चार-पाच प्रती गावात फिरवा, घरोघरी, किराणा दुकानात, न्हाव्याकडे ठेवा. वीस माणसं वाचून आली की तो परिसंवाद दोनशे न वाचलेल्यांपेक्षा रंगते. वर्गणीचा हिशेब दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या भिंतीवर लावा, हे विसरलं तर पुढच्या वर्षी उत्सव नसते, फक्त भांडण असते.

म्हातारे, चालता न येणारे?

उजव्या बाजूनं गाडी थेट मांडवापर्यंत येते, पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठीच. चपला सांभाळायला कोणी नाही.

जेवण आहे का?

दुपारी पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, सगळ्यांसाठी एकाच पंगतीत, वक्त्यांची वेगळी सोय नाही. रात्रीच्या सत्राला फक्त चहा. रात्री परत जाणाऱ्यांनी एसटीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवा, ती सत्रासाठी थांबत नाही. बाहेरगावच्या बायांसाठी वाचनालयाच्या वरच्या खोलीत झोपायची सोय आहे, पांघरूण आपलं आपण आणायचं.

पुढच्या वर्षासाठी लेखक सुचवायचा असेल तर?

वाचनालयातल्या त्याच वहीत लिहा. लेखकाचं नाव, तुम्ही त्याचं कोणतं पुस्तक वाचलं, आणि त्याला तुम्ही स्वतः काय विचाराल, या तीन गोष्टी. तिसरा रकाना रिकामा असला तर ते नाव आम्ही धरत नाही.